वास सुटला की उतरव

माझ्या शेजारणीने आजवर मला जेवढे पदार्थ शिकवले, त्या सगळ्यांत एक वाक्य ठरलेलं असायचं. वास सुटला की उतरव. बांगड्याचं तिखलं असो, काळ्या वाटाण्याचं सांबारं असो, नाहीतर नुसतं खोबरं भाजणं असो, किती वेळ आणि किती आच हे तिला विचारून उपयोग नसे. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मला मोजूनमापून सांगितलेलं लागतं. मी हट्टाने विचारायची, अंदाजे किती मिनिटं ते तरी सांग. ती म्हणायची, नाक दिलंय ना तुला, मग घड्याळ कशाला बघतेस.

आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो. आधी एका चाळीत भिंतीला भिंत लागून होतो, आता ती चाळ पाडून उभ्या केलेल्या इमारतीत समोरासमोर आहोत. ती मालवणकडची, मी जालन्याकडची. तिचे सासरे आणि नवरा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर नवरा खचला तो पुन्हा उभा राहिलाच नाही, आणि तिने चाळीतल्या त्या एका खोलीत खानावळ चालवून घर ओढलं. एकटे राहणारे पुरुष दोन्ही वेळ तिच्याकडे जेवायचे आणि गावाहून लग्न करून आले की बायकोला तिच्याकडे शिकायला पाठवायचे. पुढे नवरा गेला, मुलगा नोकरीला लागला, खानावळ बंद झाली. पण हे घर तिच्या हाताच्या चवीवर उभं राहिलं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी माझी शाळा सुटली की आमची देवाणघेवाण चालायची. तिने मला बोंबील दाबून त्यातलं पाणी कसं काढायचं ते शिकवलं, तिरफळं ठेचून कधी टाकायची ते शिकवलं. मी तिला ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी घालून भाकरी थापायला शिकवलं, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींच्या पिठाची, आमटी शिकवली. ती माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, तुमच्यात चहात तेवढं शेंगदाण्याचं कूट घालायचं राहिलंय. मी म्हणायची, आणि तुमच्यात पाण्यात नारळ. दोघींनाही बोलायची खोड, त्यामुळे भांडण असं कधी झालं नाही.

तिच्या सासूची गोष्ट वेगळी होती. त्यांना सगळी चाळ आजी म्हणायची, मीही म्हणायची. आजींचा नियम सरळ होता. आमच्या घरचं कोरडं चालायचं, शिजवलेलं चालायचं नाही. तांदूळ, शेंगदाणे, गावाहून आणलेली ज्वारी हे सगळं त्या हसून ठेवून घ्यायच्या. बुद्धपौर्णिमेला मी खिरीची वाटी नेऊन दिली की त्या म्हणायच्या, माका गोड चालणा नाय गो, डायबेटिस. गणपतीत त्याच आजी खुर्चीत बसून मोदक खायच्या. खीर शेजारीण आणि तिचा मुलगा आवडीने खायचे आणि वाटी धुऊन, तिच्यात एखादा नारळ ठेवून परत यायची. मला ते सगळं दिसायचं. मी कधी बोलले नाही, पण विसरलेही नाही. माझ्या भिंतीवर तथागतांची तसबीर आहे, म्हणून माझ्या अंगी लगेच करुणा आली असं कोणी समजू नये.

नव्या इमारतीत आलो तेव्हा आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. हॉलमध्ये त्यांची खाट, बेडरूममध्ये शेजारणीचा मुलगा आणि सून, आणि ती स्वतः स्वयंपाकघरात झोपायची. रात्री ओटा पुसून झाला की खाली गादी टाकायची, पहाटे उठून ती गुंडाळून सिलिंडरच्या बाजूला उभी करायची. तिचे कपडे, तिची औषधं, नवऱ्याचा फोटो, सगळं स्वयंपाकघरातल्या एका कप्प्यात. मला ते बघून राग यायचा. ती म्हणायची, अगं, मला आवडतं, सकाळी डोळे उघडले की माझी भांडी दिसतात.

आजी खाटेवरून दिवसभर ओरडायच्या. दूध बघ. गॅस बघ. काय करपला बघ. देवनारच्या कचऱ्याचा धूर आला की खिडकी लाव म्हणून ओरडायच्या. हे ओरडणं आमच्या घरात दार लावूनही ऐकू यायचं. शेजारीण माझ्याकडे येऊन कपाळावर हात मारायची. जीव नकोसा केलाय म्हातारीने, आधी एवढी नव्हती, असं म्हणायची. वय झालं की माणूस कटकट करतं, असं मीही म्हणायची.

त्याच सुमारास तिने मला वाट्या आणून द्यायला सुरुवात केली. घरात पानं घ्यायच्या आधी ती झाकलेली वाटी घेऊन यायची आणि म्हणायची, मीठ बघ गं. मला वाटलं, निवृत्त झालेय, घरी एकटीच असते, म्हणून माया करते. मी चाखून सांगायची आणि ती परत जायची. एकदा आमटीत मीठच नव्हतं, एकदा कालवणात ते दुप्पट पडलं होतं. मी चेष्टेने म्हटलं, कुणाच्या प्रेमात पडलीस की काय. ती हसली नाही.

मग एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. मी हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते आणि तिथूनच आम्ही बोलत होतो. बोलता बोलता मला करपल्याचा वास आला. मी धावत गेले. दूध उतू जाऊन बर्नरवर पडलं होतं, पातेलं खालून काळं व्हायला लागलं होतं, आणि ती त्याच्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, शेपूच्या भाजीत लसूण किती घालायचा ते मला सांगत होती. मी गॅस बंद केला. तिने वळून पातेलं बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मला सगळं कळलं. एवढ्या दिवसांच्या वाट्यांचा अर्थ लावायला मला शिक्षण लागलं नाही.

तिने सांगितलं, मागे ताप आला होता ना, त्यातून उठले तेव्हापासून वास येत नाही. चवही गेली. तिखट जिभेला झोंबतं, एवढंच कळतं. एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली होती. कधीकधी परत येतो, कधीकधी नाही, असं ते म्हणाले होते. मी विचारलं, मुलाला सांगितलंस? तिने नाही म्हणून मान हलवली. मुलगा आणि सून आधीपासूनच मागे लागले होते की आई, आता पुरे, स्वयंपाकाला बाई ठेवू, आराम कर. चांगली मुलं आहेत ती, काळजीनेच म्हणत होती.

मी म्हटलं, मग ठेवू दे की बाई.

"आणि मी कुठे बसू?" ती म्हणाली. "हॉल सासूबाईंचा, बेडरूम मुलाची. ओट्यापाशी दुसरी बाई उभी राहिली की मी कुठे उभी राहू, सांग ना."

पण गॅसचं काय, हे मी सोडलं नाही. गॅस गळला तर तिला कळणार नाही, आणि खाली गादीवर तीच झोपलेली. मी चिडले. मी म्हटलं, मरायचं असेल तर एकटी मर, आत तुझी सासू आहे, मुलं आहेत. ती रडली. मग आम्ही ठरवलं की काम झालं की प्रत्येक वेळी रेग्युलेटर बंद करायचा, आणि मी सकाळ-संध्याकाळ काहीतरी निमित्त काढून चक्कर मारायची. एकदा जरी तो उघडा दिसला, तर मी तुझ्या मुलाला सांगेन, असं मी बजावलं. तिने तिच्या नवऱ्याच्या फोटोची शपथ घेतली. त्यानंतर रेग्युलेटर मला कधी उघडा दिसला नाही. भीती मात्र माझ्या मनातून गेली नाही.

जाताना दारात थांबून ती म्हणाली, देवनारचा वास येत नाही, एवढं एक बरं झालं बघ. तेव्हा आम्ही दोघी हसलो.

उन्हाळा आला आणि वर्षाच्या मसाल्याची वेळ झाली. ज्यांच्या घरी तयार पाकिटं येतात त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडे मेमध्ये जो मसाला होतो, तो पुढचा मे येईपर्यंत रोज पोटात जातो. तो बिघडला तर वर्ष बिघडतं. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, देठं खुडायची, धणे, खसखस, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, मिरी, लवंग, सुकं खोबरं, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा आणि सगळं डंखावर नेऊन कांडून आणायचं. यात भाजणं तेवढं खरं कौशल्याचं. आणि भाजणं सगळं नाकावर.

ती माझ्याकडे येऊन बसली. मग म्हणाली, यंदा तू माझं नाक हो.

सून घरून काम करते, तिला ठसका लागतो, या सबबीवर भाजायचं माझ्या ओट्यावर ठरलं. मला मनात हसू आलं. आजींच्या नियमात कोरडं चालायचं, पण आमच्या घरच्या आगीवरचं चालायचं नाही. हा मसाला दोन्हीत मोडत होता. मी शेजारणीला तसं म्हटलं. ती म्हणाली, कोरडाच आहे ना गं, आणि त्यांना सांगतंय कोण.

त्या सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर डोळे मिटून बसली आणि मी कढईत एकेक जिन्नस टाकत गेले. ती वास यायच्या आधीच तो सांगायची. आता हिरवट येईल, कच्चा, तो जाऊ दे. आता गोडसर होईल, दूध तापल्यासारखा. आला? मी म्हणायची, आला. उतरव. मिऱ्यांचा वास आधी नाकात टोचेल, मग एकदम मऊ होईल. झाला मऊ? झाला. उतरव. मी एवढी वर्षं तिच्याकडून शिकत होते, पण तिला हे सगळं इतकं नीट सांगता येतं हे मला माहीत नव्हतं. वास होता तोवर तिला सांगायची गरज पडली नव्हती. तिच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मला फार वाईट वाटलं.

धणे आणि खोबरं राहिलं असताना समोरून आजींची हाक आली. त्यांना लघवीचं भांडं हवं होतं आणि सुनेची मीटिंग चालू होती. शेजारीण उठली. जाता जाता म्हणाली, दोन्ही सावकाश भाज, वास सुटला की उतरव.

मी धणे टाकले. हलवत राहिले. पहिला वास आला तो मला कच्चा वाटला. माझी आई अंगणातल्या चुलीवर धणे आणि खोबरं भाजायची ते थेट काळपट होईपर्यंत. निळसर धूर निघायचा, डोळे चुरचुरायचे, आणि मग एक जड, खोल वास यायचा, त्याने सगळ्या आळीला कळायचं की आमच्याकडे मसाला होतोय. त्याच्या आधी उतरवलं तर आई म्हणायची, हा काय मसाला झाला, ही तर पूड. मी त्या वासाची वाट बघत राहिले. तो आला तेव्हा मला आईची आठवण आली, आणि मी कढई उतरवली. खोबऱ्याचंही तसंच केलं.

ती परत आली. परातीत बघून जरा थबकली. एक धणा उचलून चावला, बराच वेळ तोंडात घोळवला. तिचे डोळे तिला काहीतरी सांगत होते, हे आज मला कळतं. पण नाक गेल्यापासून तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास उडाला होता.

"बरोबर आला ना गं वास?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हटलं. आणि मी खरंच सांगत होते.

मसाला कांडून आला तो नेहमीसारखा लालभडक नव्हता, विटकरी काळपट होता. त्याच दिवशी तिने काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं आणि वाटी घेऊन माझ्याकडे आली. मी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. नारळ तिचा होता, वाटाणे तिचे होते, पण खालून जी चव येत होती ती माझ्या आईच्या घरची होती. मी तिला लगेच सांगितलं, लपवलं नाही. मसाला आमच्यासारखा झालाय, मी फार पुढे नेला. ती खाली बसली. आता काय करायचं, म्हणाली. वर्षाचा मसाला फेकता येत नाही, आणि फेकला तर का फेकला ते सांगावं लागतं. शेवटी ठरलं की कोणी विचारलंच तर यंदा मिरची जुनी लागली असं सांगायचं.

मुलगा म्हणाला, यंदा झकास झालाय, काहीतरी वेगळा आहे. सुनेला फरक कळला नाही. भीती होती ती आजींची. त्यांनी जन्मभर तो मसाला खाल्ला होता, शेजारणीला तो त्यांनीच शिकवला होता. आजी पहिल्या दिवशी जेवल्या आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हातारीची जीभ गेली वाटतं, शेजारीण म्हणाली, आणि तिच्या जिवात जीव आला.

आषाढातली गोष्ट. शेजारणीला बँकेत जायचं होतं, घरात कोणी नव्हतं, म्हणून ती मला आजींपाशी बसवून गेली. आजी डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. जिन्यातून तिच्या चपलांचा आवाज यायचा थांबला आणि त्यांनी डोळे उघडले.

"ह्यो मसालो तिचो न्हय," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातचो."

मी खाटेजवळ सरकले.

"चाळीत भिंतीक भिंत होती. तुझ्या घरचो वास मी इतकी वर्सां घेतलंय. खावक मात्र कधी नाय. पयल्या घासाक माका कळला." मग म्हणाल्या, "तिका वास येणा नाय. ठावक आसा माका. तापातून उठली तेव्हापासून."

मला तेव्हा एकदम उमगलं. दूध बघ. गॅस बघ. काय करपला बघ. आधी एवढी नव्हती, असं शेजारीण म्हणायची, ते बरोबरच होतं. त्या अंथरुणातून सगळ्या घराचा वास घेत होत्या आणि शेजारणीला कळू न देता तिला उठवत होत्या. तिच्या शिव्या खात होत्या. मी सकाळ-संध्याकाळ चक्कर मारून स्वतःला मोठी समजत होते, आणि पहारा ही म्हातारी देत होती.

मी विचारलं, मग नातवाला का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, "चूल गेली तर ती निजतली खय?"

नंतर त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तिका आत्ता सांगू नको. कळला तर लाजतली. मी जिती आसंय तवसर वराडतलंय. मगे तू बघ. माझ्या मागे सांग तिका."

मी हो म्हटलं. पण माझा स्वभाव असा की मनातलं राहवत नाही. मी म्हटलं, आजी, मसाला माझ्या घरच्या आगीवर भाजलाय, तुम्हाला कळलं होतं, तरी चालला? त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"बरो लागलो," त्या म्हणाल्या.

एवढंच. त्यानंतरच्या दिवसांत मी एकदा भाकरी नेऊन बघायला हवी होती का, हे मला कळत नाही. मी नेली नाही आणि त्यांनी मागितली नाही. मसाल्याच्या आडून खाणं वेगळं, ताट पुढे करून मागणं वेगळं. खिरीच्या त्या वाट्यांचं मला वाईट वाटायचं ते आजही वाटतं. आणि त्या गेल्याचंही वाटतं.

त्या थंडीत गेल्या, दुपारच्या झोपेत. त्या घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून मजल्यावरच्या बायकांनी आपापसांत वाटून घेतलं आणि रोज एकीकडून जेवण जायला लागलं. पहिला दिवस मी मागून घेतला. पिठलं आणि भाकरी करून नेली. गावाहून आलेले तिचे दीर-जावा पंक्तीला बसले होते. एका जावेने भाकरी कुणाकडची म्हणून विचारलं. शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि तिच्या ताटात आणखी एक वाढली. ती जाऊ जेवली.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मुलगा कामाला लागला, सूनही त्या दिवशी ऑफिसात गेली होती. मी दुपारी गेले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारीण हॉलमध्ये रिकाम्या खाटेसमोर जमिनीवर बसली होती, आणि स्वयंपाकघरातून दूध जळल्याचा वास घरभर पसरला होता. मी आत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. पातेलं कोळसा झालं होतं. बाहेर येऊन मी तिच्याजवळ बसले.

ती म्हणाली, "कसं शांत शांत वाटतंय ना गं घर? सकाळपासून दूध ठेवलंय की नाही, तेच आठवत नाहीये. कोणी ओरडलंच नाही."

तेव्हा मी तिला सांगितलं. आजींनी जे सांगितलं होतं ते सगळं, त्यांच्याच शब्दांत. कधीपासून, तिने विचारलं. तापातून उठलीस तेव्हापासून, मी म्हटलं. ती एकेक आठवायला लागली. भाजी लागली तेव्हा ओरडल्या त्या. देवनारचा धूर आला तेव्हा. एका रात्री गॅस बघ, गॅस बघ म्हणून सगळ्या घराला उठवलं होतं आणि ही त्यांना वाट्टेल ते बोलली होती. खरंच कॉक अर्धा उघडा होता, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. मी त्यांना म्हातारचळ लागलाय म्हणाले, ती म्हणाली, आणि त्या ऐकून घेऊन झोपल्या. मग तिने खाटेच्या लाकडावर डोकं टेकलं आणि मोठमोठ्याने रडली. त्या गेल्या तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा तिने त्याला स्वतःच सांगितलं. मला तिने बाजूला बसवून घेतलं होतं. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. ती मला हळूच म्हणाली, आता बाई येणार. पण बाई आली नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर गॅसचा वास आला की वाजणारी एक डबी बसली. सून म्हणाली, आई, मीठ मी बघत जाईन, पण स्वयंपाक मला करायला सांगू नका हं. आजींची खाट गेली आणि त्या जागी शेजारणीसाठी दिवाण आला. ती अजूनही स्वयंपाकघरातच गादी टाकते. मी भांडले, मुलगा भांडला, ऐकत नाही.

यंदाचा मसाला तिच्याच ओट्यावर झाला. सबबी लागल्या नाहीत. सून ठसकत का होईना, मोबाइलवर सगळं टिपत दारात उभी होती आणि मी कढईवर नाक रोखून होते. कढईत उलथनं फिरवत होती ती स्वतः. मागच्या वर्षीची चूक पुन्हा होऊ नये म्हणून मी तिने सांगितलेले वास पाठ करून ठेवले होते. धण्यांचा कच्चा वास गेला, गोडसर आला, आणि मी लगेच म्हटलं, आला बघ तुमचा वास, उतरव.

तिचा हात थांबला नाही.

मी म्हटलं, अगं, ऐकलंस ना, झाला तो, आणखी पुढे गेला तर पुन्हा आमच्यासारखा होईल.

"होऊ दे," ती म्हणाली. "सासूबाईंना बरा लागला होता, तिथवर जाऊ दे. तुझ्या आईचा वास आला की सांग."

निळसर धूर निघायला लागला. सून खोकत खोकत बाहेर गेली. माझे डोळे चुरचुरत होते. मी वाकून वास घेत राहिले, आणि मी सांगेपर्यंत तिने कढई उतरवली नाही.